पर्समधला काळा दगड

मार्कहॅम, कॅनडा, १४ ऑक्टोबर

प्रिय रिटा,

येशूच्या कृपेने मी धडधाकट आहे. तुझा गुडघा कसा आहे?

शनिवारी लेस्टरने मला सरोवराकाठी फिरायला नेलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात तिथे दगड भाजून दिव्याचं तेल काढत. पुढे जमिनीतूनच आयतं तेल मिळालं आणि कारखाना चार वर्षांत बंद पडला. पाटीवर मालकाचं नाव आहे, भट्टीवर राबलेल्यांपैकी एकाचंही नाही! त्यांची खूण म्हणून मी एक काळा दगड पर्समध्ये टाकला. चोरीच ती, शाळेतल्या सिस्टरांनी छडी मारली असती.

तेव्हापासून माझ्या खोलीत रॉकेलचा वास येतो. लेस्टर म्हणाला, "ममा, कसलाही वास नाही. डॉक्टरला दाखवू या."

"आधी तुझं नाक दाखव," मी म्हटलं. पण मनातून धसकले, रिटा. आपल्या आईचं डोकंही असंच नसलेल्या वासांपासून बिघडायला लागलं होतं.

काल जेवताना लेस्टरने हातातला घास खाली ठेवला आणि उठून सगळ्या खिडक्या उघडल्या. "ममा, रॉकेल कोणी सांडलं?"

या घरात रॉकेल नाहीच.

डॉक्टर रद्द झाला. उद्या आम्ही दगड परत ठेवायला जातोय. माझंच डोकं बिघडलं असतं तर बरं झालं असतं.

चर्चमध्ये माझ्यासाठी मेणबत्ती लाव. एक त्या भट्टीवर राबलेल्यांसाठीही लाव, नावं माहीत नसली तरी.

तुझी थोरली,
प्रिस्का