डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद

१४ जानेवारी १९८२
उशीवर पुन्हा पू. टाळूवरचा चट्टा रुपयाएवढा झाला — कातडी चकचकीत, कडेनं पुळ्या. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. मग मला बाहेर बसवून बाबांशी बोलले. बाबा येऊन म्हणाले, सहा म्हैन्यात केसं येत्यात, डाक्टर म्हनले. जीव भांड्यात पडला.

२ फेब्रुवारी
वाल्मीक भालेराव पाहायला आले. ओझरला विमानाच्या कारखान्यात आहेत. आई म्हणाली, चट्ट्यावर गंगावन नीट बसलंय, आता तोंड उघडू नको. मला ते जमेना. चहा देताना सांगूनच टाकलं — चट्टा आहे, पण सहा महिन्यांत केस येतील, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी बशीकडे बघतच कप उचलला. म्हणाले, तोवर थांबू.
खरं बोललं की किती हलकं वाटतं!

१० एप्रिल
गोळ्या चालू. केस नाहीत.

१९ जुलै
डॉक्टरांकडे एकटीच गेले. केस कधी येणार, विचारलं. म्हणाले, हा विरळा आजार. केसांची मुळं सुजतात, पिकतात. मग व्रण भरताना छिद्रच बुजतं. गेले ते केस येत नाहीत. गोळ्या फक्त पसरू नये म्हणून.
"तुमच्या वडिलांना पहिल्याच दिवशी सांगितलं. लिहूनही दिलं."
म्हणजे वाल्मीकना मी खोटं सांगितलं. माझ्या तोंडानं!

२० जुलै
बाबा मंडईतून येऊन भाजीच्या पाट्या धूत होते. कागद मागितला. हात पुसून उठले. मग पत्र्याच्या पेटीतून काढून दिला. मला का दाखवला नाही?
"घरात वाचनारी तू एकलीच. मग तुझ्यापून न्हाई तर लपवायचा कुनापून?"
मला शाळेत घातलं ते यांनीच. खोटं बोलू नये, हेही यांनीच शिकवलं! त्यांच्या पंगतीला बसले नाही.
वाल्मीकना पत्र टाकलं — केस येणार नाहीत. मी खोटी ठरले. तुम्ही मोकळे आहात.

२५ जुलै
उत्तर नाही. आई म्हणते, आपल्या हातानं नशीब पोस्टात टाकलंस.

२९ जुलै
वाल्मीक यांचं पत्र. "आम्ही पाहायला येण्याआधीच तुमचे बाबा कारखान्याच्या गेटवर आले होते. तो कागद मीच त्यांना वाचून दाखवला. तुम्हाला कळू देऊ नका, म्हणाले. मी शब्द दिला. दिवाळीनंतरची तारीख धरू?"
डोकं माझं. ठरवलं दोघांनी.
अजून उत्तर लिहिलेलं नाही.