हातावर बसायला शिकवणारं कॉलेज

प्रिय बडबडे,

रविवारी फोन करते म्हणाली होतीस. कुठल्या रविवारी, हे विचारायचं राहूनच गेलं, चूक माझीच. एक चप्पल पायात आणि दुसरी हातात घेऊन घरभर दुसरी शोधत फिरणारी पोर तू, तुझ्या फोनची वाट बघणारी मीच शहाणी! पण वाचा गेलेल्यांना बोलतं करायला शिकवणाऱ्या दोन कॉलेजांत तुझं नाव लागलं हे सांगायला विसरलीस. लांबच्या कॉलेजला शुक्रवारी नकार कळवणार आहेस, हेही विसरलीस. आणि त्या नकाराचं कारण मी आहे, हे तर अगदीच विसरलीस. इतकं सोयीचं विसरणं मला या वयातसुद्धा जमलेलं नाही. तुझ्या आईच्या तोंडून निसटलं म्हणून कळलं. आजीला आजोबांचं एकटीला झेपत नाही म्हणून ती जवळचंच घेतेय, असं सूनबाई म्हणाल्या आणि वर, किती गुणाची पोर! माझ्या हातात उलथणं होतं. ते मी शांतपणे ओट्यावर ठेवलं, यात माझेच गुण बघ.

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई लिहून घेताहेत. मला अक्षरं म्हणजे रांगेत निघालेले मुंगळे, तुला ठाऊक आहे. बाई निवृत्त झाल्या, पण साहेबाची पत्रं लिहायची सवय सुटलेली नाही. मी 'मूर्ख' म्हटलं की त्या 'अविचारी' लिहितात. मी म्हटलं, बाई, ती माझी नात आहे, तुमचा साहेब नव्हे. मूर्ख म्हटलं की मूर्खच लिहा. तर मूर्ख मुली, ऐक.

मला झेपत नाही हे तुला कोणी सांगितलं? तुझ्या आजोबांना सकाळी उठवते मी, दाढी करते मी, त्यांच्याशी भांडते मी आणि जिंकतेही मीच, कारण सध्या त्यांची बाजू मांडायला त्यांना वेळ लागतो. दुखलं की सांगेन. मला तोंड आहे, आणि ते कसं आहे हे तुझ्या घरातल्या सगळ्यांना चांगलं माहीत आहे. माझ्या गुडघ्यांच्या नावावर तू कॉलेज निवडलंस, तर उद्या शिक्षण अर्धवट राहिलं म्हणून खापर कुणाच्या डोक्यावर? म्हणजे त्याग तुझा आणि पाप माझं. वा गं वा!

आता जरा मागचं आठव. आजोबांना झटका आला तेव्हा तुझ्या परीक्षा चालू होत्या, म्हणून सगळं तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. इस्पितळात बोलणं शिकवायला एक गृहस्थ यायचे. हातात लहान मुलांची चित्रं. बदक, चेंडू, भोंगा. आजोबांच्या कानाशी ओरडायचे, बाबा, हे काय आहे? ब… ब… बदक! अरे, माणसाची वाचा गेलीय, कान नाही गेले! ज्या माणसाने चाळीस वर्षं फळबाजारात उभं राहून लिलाव पुकारले, ज्याच्या एका आवाजाने ट्रकवाले झोपेतून उठून बसायचे, त्याला हा बाप्या बदक म्हणायला लावतोय. आणि माझ्याकडे वळून विचारायचा, आज यांनी नाश्ता केला का? ते समोर बसलेले. जणू मी कोपऱ्यातल्या कपाटाबद्दल सांगणार होते. आजोबा त्या बदकाकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि डोळे मिटून घ्यायचे.

मग घरी आल्यावर एक दिवस माझ्या हातून टोपलीतली सफरचंदं सांडली, आणि खुर्चीतून खणखणीत आवाज आला, एकवार! दोनवार! आख्खा पुकारा, भावासकट, जसाच्या तसा. मी तर रडायलाच लागले. तुझ्या बापाने, म्हणजे माझ्या दीडशहाण्या मुलाने, सगळ्या नातेवाइकांना फोन केले, बाबा बरे झाले. बाजारातले जुने अडते आले, त्यांनी खुर्चीसकट उचलून आजोबांना बाजारातल्या त्यांच्या जुन्या ओट्यावर नेऊन बसवलं, पुढे संत्र्यांचा ढीग रचला. आजोबांनी पुकारा सुरू केला. लोक हसले, टाळ्या पडल्या. बोली चढत गेली. पण कुणी विचारलं, काका, माल कुठला? तर उत्तर नाही. कुणी म्हणालं, थांबा काका, सौदा झाला. तर थांबता येईना. तीनवार म्हणून पुन्हा एकवार. समोर घ्यायला कुणी उरलं नाही तरी ते पुकारतच राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत मी जी भीती पाहिली ती झटक्याच्या दिवशीही नव्हती. हसणारे एकेक करून गप्प झाले. आम्ही सगळे त्यांच्यावर प्रेम करणारे, आणि आम्हीच त्यांना चारचौघांत असं बसवून आलो.

त्यानंतर ती मंगळवारची मुलगी बोलणं शिकवायला घरी यायला लागली. आम्ही तिला असंच म्हणतो, कारण ती मंगळवारी येते. तिने आम्हाला समजावलं, की रोजच्या सवयीचं बोलणं वेगळ्या वाटेने येतं, शिवी, गाणं, पुकारा, हे सगळं. मनातलं बोलायची वाट वेगळी, ती ढासळलीय. पण पुकारा टाकाऊ नाही, म्हणाली, त्याला धरून चढता येईल. मग ती वाटी पुढे धरायची, एकवार, दोनवार म्हणायची आणि थांबायची. तिसरा शब्द आजोबांचा. आणि बाई गं, ती थांबायची म्हणजे किती! माझ्या जिभेला मुंग्या यायच्या. मी मदतीला काही बोलले की माझ्याकडे अशी बघायची की मी मुकाट्याने आत जाऊन भांडी आपटत बसायचे. एकदा बघितलं तर ती स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली. मी विचारलं, थंडी वाजते का? ती हसली. म्हणाली, आमच्या बाईंनी शिकवलंय. पेशंट शब्द शोधत असताना आपले हात आपोआप चित्राकडे जातात, ओठ हलतात, आपणच उत्तर देऊन मोकळे होतो, म्हणून पहिलं वर्षभर हातावर बसायचं. वॉर्डात, पेशंटसमोर, आणि बाई शेजारच्याच खुर्चीत. तिसऱ्या महिन्यात आजोबांचा पहिला स्वतःचा शब्द आला. मी केलेलं दाट सूप समोर होतं. शब्द होता, 'पुरे'. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा निकाल! मी रागावायचं नाटक केलं आणि आत जाऊन मनसोक्त रडले.

तिला मी विचारलं, कुठे शिकलीस? तिने त्याच लांबच्या कॉलेजचं नाव घेतलं, ज्याला तू शुक्रवारी नको म्हणणार आहेस. आणि तू आईला जवळच्याबद्दल काय सांगितलंस? इमारत नवी आहे, वाचनालयात गारवा आहे, बसने तासाभरात घरी येता येतं. अगं, तू शिकायला चाललीस की भाडेकरू म्हणून? पहिल्या दिवसापासून पेशंट दिसतात का, की वर्षभर संगणकातलाच पेशंट बरा करायचा? झटक्याची म्हातारी माणसं येतात, की फक्त बोबडी पोरं? शिकवणारी बाई तुझ्या शेजारी बसते की काचेपलीकडे? यातलं एक तरी विचारलंस? वांगी घेताना तू अर्धा तास देठ तपासतेस!

मी विचारलं. म्हणजे गेल्या आठवड्यात मी आजोबांना घेऊन तुझ्या त्या जवळच्या कॉलेजात गेले. तिथे बाहेरचे पेशंट तपासतात, म्हटलं तुझी होणारी शाळा बघावी, तुझी बाजू खरी निघाली तर गप्प बसावं. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. समोर एक बिचारी विद्यार्थिनी, हातात घड्याळ. आजोबा काहीतरी शोधत होते, ना… ना… म्हणत होते, आणि ती भराभर, नारळ? नाक? नाणं? त्यांना 'नात' म्हणायचं होतं गं. माझी नात इथे येणार आहे, हे सांगायचं होतं. शेवटी वैतागले आणि तोंडून पुकारा सुटला, एकवार, दोनवार. काचेपलीकडून बघणारे विद्यार्थी सगळे हसले. तिथला माइक बंद करायचा राहिला होता, ते हसू खोलीत आलं, आणि मागून त्यांच्या मॅडमचा आवाज, हे नुसतं यांत्रिक आहे, याला अर्थ नसतो, लिहून घ्या. आजोबांना सगळं कळतं. त्यानंतर चार दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही, मंगळवारच्या मुलीसमोरसुद्धा नाही. काल संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, की आपली पोर तिथे जातेय ती केवळ आपल्यासाठी. त्यांनी माझं मनगट धरलं. माझा पूर्ण चहा गार होईपर्यंत मी हूं की चूं केलं नाही. मग ते म्हणाले, 'तिला… तिथे… नको.' तीन शब्द, एकापाठोपाठ, पहिल्यांदाच. ते तुझ्यापर्यंत पोचावेत म्हणून टायपिस्टबाईंना वर बोलावलं. शुक्रवारी होकार लांबच्याला जाईल. आमची काळजी घ्यायला मंगळवारची मुलगी आहे, तुझा बाप आहे, आणि कुरकुरायला मी आहे. तिथे पोचलीस की पहिल्या आठवड्यात तिकडे मिळणारा पीचचा जॅम पाठव, दाट, गाळलेला, सालं आणि गाठी नसलेला. पातळ काही घेतलं की आजोबांना ठसका लागतो, म्हणून बाटली आडवी करून बघ, पटकन वाहिला तर घेऊ नकोस. आणि माझ्यासाठी खारी बिस्किटं, चांगली कडक. माझे दात अजून माझेच आहेत.

तुझीच, राग न उतरलेली,
आजी