आत एक, बाहेर एक

२ फेब्रुवारी, सोमवार
विंचूरच्या वाइन कारखान्याचे सर्व्हर आजपासून माझ्या ताब्यात! द्राक्षांचा हंगाम असल्यामुळे शनिवारपर्यंत मुक्काम इथल्याच क्वार्टरमध्ये. रविवारी आरोहीचा सहावा वाढदिवस, तेव्हा इंदिरानगरला घरी. निघताना पोरगी पायाला चिकटून बसली होती. केक मीच आणीन असं कबूल केलं, तेव्हा सुटका झाली. इथल्या कॉम्प्युटरांना भाज्यांची नावं आहेत: दोडका, कारलं, घेवडा. माझ्या वाट्याला घेवडा आलाय. हसून हसून पुरेवाट झाली.

३ फेब्रुवारी
कुठलं नाव कुठल्या कॉम्प्युटरचं हे सांगणाऱ्या दोन याद्या सर्व्हरवर केल्या, एक आतली, एक बाहेरची. नाव तेच, पण गेटच्या आतून विचारलं की एक पत्ता मिळतो, बाहेरून विचारलं की दुसरा. चाचणीसाठी माझंच नाव घातलं: शुभांगी. आतला पत्ता घेवड्याचा, बाहेरचा रिकामा, तिथे कुणीच नाही. तळघरातल्या टाक्या धुणारे पुंजाराम बाबा डोकावले. म्हणाले, "म्याडम, मशीनला जित्या माणसाचं नाव नाय देत. आधीचे सायेब म्हनून तर भाज्या लावायचे." मी त्यांना चहा पाजला आणि नाव तसंच ठेवलं. दोन्ही उत्तरं झकास आली.

४ फेब्रुवारी
रविराजचा मेसेज: आरोहीला शाळेतून तू आणलंस ते बरं झालं, मी मीटिंगमध्ये अडकलो होतो. नवरा कामाच्या रगाड्यात काहीही लिहितो. संध्याकाळी फोन केला, तर म्हणाला, स्वयंपाकघरातून फोन कसला करतेस? आणि हसत ठेवून दिला. मला काही हसू आलं नाही.

५ फेब्रुवारी
घरी फोन लावला. माझ्याच आवाजात कुणीतरी हॅलो म्हटलं, माझंच नाव सांगितलं. मागे आरोही गाणं म्हणत होती. भीती वाटतेय. अकरा वाजता बाहेरच्या यादीतली माझ्या नावाची ओळ पुसली. ओळ पुसली तरी जुनं उत्तर एक दिवस टिकतं, मग जातं. म्हणजे उद्या अकरापर्यंत.

६ फेब्रुवारी
अकरा वाजले. ओळ परत आली आहे. सर्व्हरच्या नोंदीत दिसतंय: घातली आमच्या घरातून, माझ्याच पासवर्डने. मी नाही — मी इथे आहे.

७ फेब्रुवारी
सकाळीच घरी गेले. रविराजने दार उघडलं, कोण पाहिजे विचारलं. शुभांगी, म्हटलं. त्याने आत हाक मारली. ती आली — आरोहीला कडेवर घेऊन. आरोही मला बघून तिच्या खांद्यात लपली.
परत आले. इथे तरी मला ओळखतात.
आता बघतेय — आतली ओळही पुसलीय. सकाळी अकराला. म्हणजे उद्या —

८ फेब्रुवारी
पावणेअकरा. ओळ परत घालतेय. पासवर्ड चुकला म्हणतंय. पुन्हा. पुन्हा —
केक मी आणणार होते.
अकरा. पुंजाराम बाबा दारात आलेत. विचारतायत, घेवड्यावर कोन बसलंय? मी म्हटलं, बाबा, मी —