गरम गाडीला आंघोळ

१९ डिसेंबर, शुक्रवार. वेळ अमावस्या.
सगळं लातूर शेतात जेवायला गेलं, आम्ही दोघी सासू-सुना दारात. हे नांदेडला डाळ टाकून दुपार कलताना आले. आत्याबाई बादली भरूनच बसलेल्या. ट्रक अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातचा. ते गेले, ट्रक ऱ्हायला, म्हणून दर अमावस्येला त्याला न्हाऊ घालून हळद-कुंकू, नारळ, लिंबू-मिरची. हुकूम आत्याबाईंचा, हात माझे. झाकण उघडून इंजिनावर तांब्या ओतला तशी भस्सकन वाफ आली आन् आतून टण्ण झालं. ताट पडल्यासारखं. आत्याबाई हात जोडून म्हणल्या, "बघ नंदे, बोलली गाडी." दरवेळी बोलती.
शेजारणीनं शेतातून आणलेली भज्जी, उंडे, आंबील, सगळं झाकूनच हाय. ह्यांचं डोकं दुखतंय.

२३ डिसेंबर
गाडी गल्लीच्या तोंडाला आली की मला कळतं. आज फट् फट् फट् करत आली. म्हणजे मॅनिफोल्डचे बोल्ट परत ढिले. इंजिनाचा सगळा धूर गोळा करून पायपात सोडणारं ते ओतीव लोखंड. लग्नाच्या आधी मला मिक्सरचं झाकण बसवता येत नव्हतं, आता मॅनिफोल्ड म्हाईत हाय. ह्याला म्हणायचं संसार.
तापलेल्या इंजिनातच पाना घालून आवळले ह्यांनी. मनगटाला चटका. फटफट बंद झाली. दोन-चार खेपा झाल्या की परत हायच.
डोकं दुखतंय. रोज काय तेच लिहायचं, इथून पुढं डो. दु.

२७ डिसेंबर
डो. दु. गाडीवरून आले की दुखतं, दुसऱ्या दिवशी घरी असले की न्हाई. म्हणलं, "अहो, धूर केबिनीत येत असंल." म्हणले, "जुन्या गाडीत इंजिन मांडीला लागूनच असतंय. तीस वर्सं झाली, आजच बरा लागला धूर!" झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

३ जानेवारी
उलटी झाली. ओढत डॉक्टरकडं नेलं. बीपी बघितलं, डोळे बघितले. डॉक्टर भला माणूस, नीट इचारत होता. "गाडीत धूर लागतो का?" हे म्हणले, "न्हाई." मी तोंड उघडणार तेवढ्यात माझा हात दाबला, चांगला जोरात. चष्म्याची चिठ्ठी आन् गोळ्या घेऊन आलो.
रिक्षात मी तडकले. "खोटं का बोललात?" तर म्हणले, "उद्या तो म्हणायचा गाडी सोडा. आईला कोण सांगंल, तू?"
मी न्हाई सांगू शकत. खरं हाय ते.

९ जानेवारी
लोह्याच्या अलीकडं गाडी हरभऱ्यात उतरली. ह्यांनी न्हाई सांगितलं, दालमिलच्या दुसऱ्या गाडीवरच्या मारुतीनं फोन केला. "वैनी, घाबरू नका, काही झालं न्हाई. भाऊ स्टेरिंगवर मान टाकून होते. हालवलं तवा उठले." मधी बांध होता म्हणून. बांध नसता तर

१० जानेवारी
सकाळपासून बोलले न्हाई ह्यांच्याशी. संध्याकाळी बोलले ते एकदम सगळंच. हे म्हणले, "झोप न्हवती गं. नुसतं डोळ्यांवर आलं." मग काय होतं ते? ज्या माणसानं उभ्या जन्मात गळ्यातलं इष्टलिंग काढलं न्हाई, दारूच्या वासाला उभा ऱ्हायला न्हाई, त्याला गल्ली म्हणायली, पिऊन असंल. ते ऐकून ह्यांनी मान खाली घातली. मला रडू आलं. रागाचं बी होतं त्यात.
आत्याबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. ह्यांच्यावरून न्हाई, गाडीवरून.

१२ जानेवारी
गाडी नांदेडला रहीमभाईच्या गॅरेजला सोडली. हे बी तिथंच थांबले.

१४ जानेवारी. संक्रांत.
वाण घेतलं, दिलं. मन लागंना. दुपारी ह्यांचा फोन, मागं ठोकाठोकी. रहीमभाई फोन घेऊन म्हणला, "भाबी, एक बात बोलो. गरम गाडी पे पानी मारते क्या तुम लोगां?" 
मी म्हणलं, "अमावस्येला आंघोळ घालतो की. का?"
"अरे मेरी माँ," म्हणला. मग व्हिडिओ लावून फोनवरच दाखवलं. मॅनिफोल्ड काढून पालथं ठेवलेलं, त्यावर पोलादी पट्टी उभी धरली, तर पट्टीखालून मधी उजेड दिसायला. वाकडं झालंय. लाल तापल्यालं ओतीव लोखंड, त्यावर गार पाणी. मग बोल्ट कितीबी आवळा, ते बसणारच न्हाई, ओढून ओढून ढिलंच व्हणार, आन् फटीतून धूर केबिनीत येणार. धुराच्या पायपाला धरणारी पट्टी बी तुटलेली. म्हणजे एवढ्या लांब पायपाचा भार त्याच बिचाऱ्या बोल्टांवर लोंबकळायला.
टण्ण. मी ऐकत होते आन् तांब्या ओतत होते.

१७ जानेवारी
गाडी आली. लेथवर घासून सरळ केलं, दोन मोडके बोल्ट आतून कोरून काढले, नवं पॅकिंग, पायपाला नवी पट्टी. बोल्टाखाली पत्र्याचे तुकडे, त्यांचे कान वर मोडले की बोल्ट फिरत न्हाई. रहीमभाईनं बजावलंय : आवळायचं ते गार असतानाच. पहिल्या खेपेनंतर पूर्ण गार करून परत एकदा. आन् पाणी, भाबी, खुदा के वास्ते.
आवाज कसा आला सांगू? आलाच न्हाई. गाडी दारात उभी ऱ्हायली तवा कळलं.

१८ जानेवारी. अमावस्या.
गाडी घरीच होती, गारठून उभी. आंघोळ घातली. टण्ण झालं न्हाई. आत्याबाई इतका वेळ कान देऊन उभ्या. "आज बोलली न्हाई," म्हणल्या. तोंड एवढंसं झालं. मी सांगितलं सगळं, वाकडं लोखंड, उजेड, धूर. ऐकून घेतलं त्यांनी. म्हणल्या, "तुझ्या सासऱ्यानं बी हेच पाणी घातलं जन्मभर."
अप्पा कशानं गेले ते इचारावं वाटलं. सारखं डोकं धरून बसायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. न्हाई इचारलं.

२१ जानेवारी
सकाळी गार इंजिनावर दुसरी आवळणी. मी बॅटरीचा उजेड धरला. हे मधल्या बोल्टापासून सुरू करून दोन्हीकडं बाहेर बाहेर जायले, थोडं थोडं. "लई पिळायचं न्हाई, तुटतंय." शेवटचा मला आवळू दिला. नंतर पत्र्याचे कान हातोडीनं वर मोडले. ह्यांच्या हाताला ग्रीस, माझ्या गालाला लावलं. ह्या वयात! आत्याबाई बघत होत्या, लाज वाटली.

२ फेब्रुवारी
डो. दु. न्हाई. लिहायलाच इसरले एवढे दिवस. ह्यांनी दोन भाकरी आन् वरून ठेचा मागून घेतला. गाडी धुवायची झाली तर म्हणतात "गार झाल्यावर." शहाणे झाले म्हणायचं का? बोलत न्हाई, दृष्ट लागंल माझीच.

१५ फेब्रुवारी. महाशिवरात्र.
उपास. रताळी, भगर. परवा अमावस्या. आत्याबाई आतापासूनच म्हणायल्या, मागच्या खेपेला गाडी रुसलेली. मी ह्यांना म्हणलं, त्या दिवशी खेप घेऊच नका. म्हणले, "बघू." ह्यांचं बघू म्हणजे काय ते मला म्हाईत हाय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. अमावस्या.
बघू म्हणजे हेच.
खेप घेतली. उन्हं कलली तवा आले, बोनेटवर हात ठेवता येईना एवढी तापलेली. आत्याबाई म्हणल्या, तिथी सरायली, लवकर करा. मी बादलीपाशी उभी ऱ्हायले. म्हणलं, "मी घालणार न्हाई. तुम्ही बी घालू नका. उद्या सकाळी पूजा करू, मी स्वतः करते, उपास धरते." आत्याबाईंनी ह्यांच्याकडं बघितलं. मी बी बघितलं. हे पायातली चप्पल बघायलेत.
आत्याबाईंना वाकता येत न्हाई. तरी वाकून तांब्या भरला. निम्मं साडीवर सांडलं. निम्मं आत. टण्ण.
"बोलली," म्हणल्या. रडायल्या होत्या. मला त्यांचा राग बी करता येईना. त्या गाडीला न्हाऊ घालतच न्हाईत, अप्पांना घालतात. आन् हे म्हाईत असून गप्प बसलेला माणूस माझा नवरा हाय. राग त्याचा आलाय.

१८ फेब्रुवारी
फट्. अजून बारीक हाय, पण हाय. ह्यांना म्हणलं ऐका. म्हणले, "तुझ्या मनाचा खेळ." रहीमभाईकडं परत जायला लाज वाटतीया, हे खरं कारण. काय तोंड दाखवावं त्याला.

२० फेब्रुवारी
डो. दु. फट् फट् फट्. पत्र्याचे कान तसेच उभे, बोल्ट फिरलेच न्हाईत. लोखंडच परत वाकलं असंल. उद्या नांदेडची खेप. म्हणलं, मी येते.
"तू काय करणार येऊन?"
"तुमच्याशी बोलत बसते. मान टाकली की चिमटा काढीन."
हसले. आत्याबाईंनी दशम्या बांधून दिल्या. मलाच म्हणल्या, "जा, ध्यान दे त्याच्याकडं."

२१ फेब्रुवारी. लोहा, हॉटेलापुढं.
दशमीच्या कागदावर लिहायले. वही घरी ऱ्हायली, नंतर चिकटवीन.
चाकूरपर्यंत दोघं बोलत होतो. आत्याबाईंचं, भावकीचं, ह्यांनी लहानपणी अप्पांच्या मांडीवर बसून स्टेरिंग धरलं त्याचं. किती खूश होते सांगताना. अहमदपूरच्या पुढं मला शब्द सापडेनात. खिडकी उघडीच, तरी इंजिनाच्या झाकणाकडनं ऊब यायली आन् कडू वास. डोळे मिटायले. ह्यांनीच मला हालवलं. "काय गं, गप का?" म्हणलं, "झोप यायली." तर लगेच, "बघ! तुला बी येतीया. मग माझं काय चुकलं?" आन् हसले, पोरासारखं. जिंकल्यासारखं.
मळमळायलं.
डो. दु. ह्या वेळी माझं.
गाडी तापलेली हाय, आता बोल्टाला हात लावून उपयोग न्हाई, आन् नुसतं आवळून तर अजिबातच न्हाई. इथून नांदेड लांब न्हाई म्हणतील. डाळ टाकून रिकामं व्हायचंय म्हणतील. आईला काय सांगू म्हणतील.
हे चहाचे दोन कप घेऊन यायलेत, सांडू न देता, हळूहळू. गाडीची चावी माझ्या पदराच्या गाठीत हाय. त्यांना अजून म्हाईत न्हाई.