हिरव्या टेबलावरचा रफू

नाही अक्का, जुगार नाही तो. तू विचारलेलं नाहीस, ठाऊक आहे मला, पण मी पूल खेळतो म्हटल्यावर पहिलं हेच विचारशील, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. मोठं टेबल असतं, वर हिरवं लोकरी कापड ताणून बसवलेलं, सहा भोकं, आणि लांब काठीनं पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल त्या भोकांत घालायचे. झालं. यात पाप नाही. पाप मी नंतर केलं, ते खाली येईल. नमस्कार लिहायचा राहिला, तो इथे घे. गुडघा कसा आहे? उगाच जिने चढत बसू नकोस. आमच्याकडे सगळे ठीक. म्हणजे ठीक नाहीत, आणि त्याला कारण मी आहे.

शिवणाचं दुकान बंद केल्यापासून हाताला काम नाही. घरातले सगळे कपडे रफू करून झाले, मग फरशी पुसायच्या फडक्याला रफू केला, आणि ते बघून तुझ्या भावजयीनं मला घराबाहेर काढलं. (रोज दहा ते एक. पाऊण वाजता आलो तर दार उघडत नाही.) तेव्हा व्याहीबुवा म्हणाले, चला आमच्या क्लबात. क्लब म्हणजे वाचनालयाच्या वरची खोली, चार खुर्च्या, एक पंखा आणि हे टेबल. व्याहीबुवांना तू आमच्या पोरीच्या लग्नात पाहिलंस, ते मोटार शिकवणारे. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली आणि मला काठी पण तशीच शिकवायला घेतली. “व्याही, घाई नको. क्लच सोडतो तशी काठी सोडा. हळू... अहो हळू!” आणि मी मारायला वाकलो की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा. (शिकवणाऱ्याच्या बाजूला पण एक ब्रेक असतो म्हणे. तीस वर्षांची सवय.)

मी कसा शिकलो ते विचारू नकोस. काठीच्या टोकाला निळा खडू लावतात. खडू हातात आला तसा मी वाकलो आणि पांढऱ्या बॉलपासून भोकापर्यंत कापडावर सरळ रेघ मारली. आखल्याशिवाय कापायचं कसं? सगळी खोली ओरडली. दुसऱ्या दिवशी नेम धरताना, दोरा ओवायच्या आधी ओला करतो तसं काठीचं टोक जिभेला लावलं. जीभ दिवसभर निळी. तुझी भावजय मला दवाखान्यात न्यायला चप्पल घालून उभी.

लोक हसतात म्हणून मी सकाळी कुणी यायच्या आत जाऊन सराव करायला लागलो. तिथेच घात झाला. एकदा काठी बॉलच्या खाली घुसली आणि कोपऱ्यातल्या भोकाशेजारी कापड फाटलं. दोन बोटं लांब. अक्का, पन्नास वर्षांत गिऱ्हाइकाच्या कापडाला माझ्या हातून ओरखडा नाही! सरळ खाली वाचनालयात जाऊन सांगायला हवं होतं. पण कॉलरमध्ये सुई होतीच, ती आपली वाकडी. दार लावलं, टेबलाच्या काठाखाली कापड दुमडलेलं असतं तिथून त्याच कापडाचे धागे ओढून काढले आणि बसलो. या टेबलाला कापडाखाली सपाट दगड असतो, त्यामुळे सुई वरूनच आत आणि वरूनच बाहेर. दीड तास लागला. शेवटी चहाच्या गरम पेल्याचं बूड फिरवून इस्त्री केली. दहाला व्याहीबुवा आले, त्याच जागी नाक टेकेल इतके वाकले, आणि त्यांना काही म्हणजे काही दिसलं नाही.

पण बॉलला दिसलं. जोरात मारलेला बॉल त्यावरून बेधडक जातो, पण हळू आलेला तिथे सुतभर डावीकडे सरकतो. आता त्या खोलीत बाकी सगळे धाडकन मारणारे. क्लच सोडल्यासारखं हळू मारून त्याच कोपऱ्यात बॉल घालणारे एकटे व्याहीबुवा. त्यांचा तो हुकमी डाव. चुकला. परत चुकला. आणि मी, मला कारण माहीत, मी सुतभर उजवीकडे नेम धरला आणि बॉल गपकन आत. आयुष्यात पहिल्यांदा जिंकलो. लोक म्हणाले, शिंप्याची नजर! तेव्हाच बोलायचं होतं. मी मिशीतल्या मिशीत हसलो. (अकरा दिवस हसत होतो. खोटं कशाला लिहू.)

अकरा दिवसांनी व्याहीबुवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. त्यानं ते जास्तच घाबरले. “सापडत नाही म्हणजे खोल आत असणार हो,” मला म्हणाले. गाडी चालवणं बंद केलं. परवा मोटार शिकवायच्या शाळेची पाटी उतरवून जिन्याखाली ठेवली. पोरीचा फोन आला, “बाबा, मामंजी घरात भिंत धरून चालतात, तुम्ही तरी समजवा.” मी तरी! काल ते स्वतः आले, मुलाचा हात धरून, त्यांची खेळायची जुनी काठी घेऊन. ती त्यांनी कुणाला हातसुद्धा लावू दिली नव्हती. “ही आता तुमच्या हातात शोभते व्याही. माझी नजर गेली, तुमची राहिली.” मी काय बोललो असेन? म्हटलं, हवा बरी आहे आज. मग त्यांच्या आग्रहाखातर क्लबात जाऊन त्याच काठीनं मारून दाखवलं. मी वाकलो, आणि त्यांचा पाय हलला नाही. ब्रेक दाबलाच नाही त्यांनी. तिथे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सकाळी ब्लेडचं पातं घेऊन गेलो होतो. रफू उसवून टाकायचा, फाटलेलं सगळ्यांना दिसेल, कोडं आपोआप सुटेल, असं ठरवलं होतं. पातं टेकवलं आणि हात चालेना. अक्का, खोटं बोलल्याची लाज आहेच, पण त्याहून मोठी लाज ही, की व्याहीबुवा भिंत धरून चालताहेत आणि मला तो रफू मोडवत नाही. इतका चांगला माझ्या हातून कधी झाला नव्हता. कुणाला दाखवता येत नाही.

बाकी क्षेम. तब्येतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. – खरं काम हे आहे. तू ये. लहानपणी माझा रफू तू डोळे मिटून बोटानं शोधायचीस, दुसऱ्या कुणाला तो सापडणार नाही. व्याहीबुवांसमोर त्या कोपऱ्यावर बोट फिरव आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, की इथे रफू आहे आणि तो माझ्या भावाचा आहे. मी शेजारी उभा राहीन, पळणार नाही. काठी मी तेव्हाच परत देईन. जिने चढू नकोस लिहिलं ते विसर. क्लबाला बावीस पायऱ्या आहेत, मी हात देईन.

ता. क. दुसरा – लगेच सापडल्यासारखं करू नकोस. जरा वेळ शोध. आणि काम कसं झालंय, तेही चारचौघांत सांग.

ता. क. तिसरा – एवढं सगळं लिहिता येतं तर त्यांना स्वतःच्या तोंडानं का सांगत नाहीस, असं विचारशील. त्याचं उत्तर देणार नाही. आता यापुढे एक अक्षर लिहिणार नाही.