दिलेली विधाने खरी मानावीत

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग आता कागदावरच बरा. प्रत्यक्ष खाली वाकलो तर वर येण्यासाठी सूचक आणि अनुमोदक दोन्ही लागतात.) तुझी तब्येत कशी आहे? विचारायची पद्धत म्हणून विचारतो. मागच्या खेपेला एकाहत्तराव्या वर्षी तू आमचे तीन मजले न थांबता चढून आलीस आणि धाप लागली ती दार उघडणाऱ्या मला. आपल्या घराण्यात कुणाचं काय काय दुखलं याची यादी केली तर सगळ्या अवयवांची नावं येतील, फक्त तुझे गुडघे तेवढे राहतील. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू "हं, बोल" म्हणतेस, फोन फळीवर ठेवतेस आणि कपडे वाळत घालायला जातेस, हे मला फार पूर्वीच कळलेलं आहे. तरी मी बोलत राहतो, ते तत्त्व म्हणून. पत्राचं बरं असतं. फळीवर ठेवलं तरी ते आपलं म्हणणं सोडत नाही.

विषय तुझ्या भाचीचा आहे. तिला वकील व्हायचं आहे, हे तुला ठाऊक आहेच. कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा अकरा आठवड्यांवर आली आहे. गेल्या वर्षी तिनं फॉर्म भरला होता, पण परीक्षेच्या दिवशी ती हॉस्पिटलच्या बाकावर आईचा थर्मास मांडीत घेऊन बसलेली होती आणि त्यानंतर नवव्या दिवशी ही गेली. पुढचं तुला सांगायला नको. ज्या वकिलांच्या ऑफिसात हिनं सव्वीस वर्षं टाइप केलं, त्यांनी मोठ्या मनानं तीच खुर्ची पोरीला दिली. (मोठ्या मनाचे लोक फार धोकादायक असतात, ताई. छोट्या मनाच्या माणसाशी भांडता तरी येतं.) तात्पुरती म्हणून लागली आहे. यंदा परीक्षा निघाली नाही तर पावसाळा संपायच्या आत तिला कायम करतील, आणि एकदा माणूस कायम झाला की तो संपला. ही नेहमी म्हणायची, "या ऑफिसात आपल्या घरातून टाइप करणारी येऊन गेली. आता सही करणारी येऊ दे." मी हजारो भाषणं केली, पण एवढं नेमकं वाक्य मला एकदाही सुचलं नाही.

पोर दिवसभर ऑफिसात, म्हणून संध्याकाळी सात वाजता घरी येऊन शिकवणारं कुणीतरी हवं, असं ठरलं आणि शोधाची जबाबदारी मी घेतली. बस डेपोच्या गेटवर चौतीस वर्षं उभं राहून ज्यानं दोन हजार माणसं एका झेंड्याखाली आणली, त्याला एक मास्तर आणता येऊ नये?

पहिले आले ते एक निवृत्त वकीलसाहेब. भारदस्त आवाज, आणि कोट इतका जुना की त्याला वेगळी पेन्शन मिळायला हवी होती. आपल्या दोन खोल्या तू पाहिल्या आहेस: बाहेर टेबल, मध्ये पडदा, पडद्यामागे मी. मी काही मुद्दाम कान लावले नव्हते. कान जिथे असतात तिथेच होते. वकीलसाहेबांनी जाडजूड पुस्तक उघडलं आणि वाचलं, "दिलेली विधाने खरी मानावीत. विधान एक: सर्व कामगार आळशी असतात." पडदा कधी बाजूला झाला ते मला आठवत नाही.

"हे विधान मागे घ्या," मी म्हणालो.

"अहो, माझं नाहीये ते. फक्त समजायचं आहे."

"आज समजा म्हणता, उद्या छापाल!"

"छापलंय हो. पान एकशे बारा."

मग मला बोलावंच लागलं. (पोर म्हणते पन्नास मिनिटं. माझ्या मते पंधरा.) भट्टीपुढे डोळे जाळून घेणारा फोरमन, पाना हातात धरूनच चाकाखाली डुलकी लागलेला मेकॅनिक, सलग दोन पाळ्या केलेला ड्रायव्हर, सगळे मी त्या टेबलाभोवती उभे केले. वकीलसाहेबांनी शांतपणे चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "चाळीस वर्षं न्यायाधीशांपुढे उभा राहिलो, पण असा एकतर्फी निकाल पाहिला नाही." ते पुन्हा आले नाहीत. मी प्रकाशकाला नऊ पानी निषेधपत्र धाडलं. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: आपल्या भावनांची नोंद घेतली आहे, पुढील आवृत्तीत "कामगार" या शब्दाऐवजी "वक्ते" असा बदल करण्यात येईल. ते वाचून पोर मोठ्यानं हसली. या घरात वर्षभरात ऐकलेलं ते पहिलं हसू, म्हणून प्रकाशकाला मी माफ केलं आहे.

दुसरा आला तो तरुण होता. गळ्यात स्टॉपवॉच, घोड्यांच्या शर्यतीवरून थेट आमच्याकडे आल्यासारखा. त्याचं तत्त्वज्ञान असं, की उतारा वाचायचा नाही. आधी प्रश्न बघायचे, मग उताऱ्यात उडी मारून उत्तर उचलायचं आणि पळायचं. ज्या घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आहेत, त्या घरात येऊन एक माणूस सांगतो की वाचू नका! तरी मी संयम पाळला. त्या दिवशी काहीही बोललो नाही. फक्त तो उतारा ज्या ग्रंथातून घेतला होता तो वाचनालयातून शोधून आणला आणि पोरीला म्हटलं, संदर्भ कळल्याशिवाय मत बनवू नये. पाच प्रश्नांसाठी तिनं तीनशे पानं वाचली. (वाचली, ताई. बापाचं मन राखायला म्हणून वाचली, हे मला आत्ता लिहिताना कळतं आहे.) पुढच्या सराव परीक्षेत तिचे निम्मे प्रश्न सुटायचे राहिले. त्या मुलानं स्टॉपवॉच थांबवलं, खिशात घातलं आणि गेला.

आता तू म्हणशील, एवढं बोलायची गरजच काय? बरोबर आहे. पण मला थांबवण्याची एक व्यवस्था होती, ती मोडली आहे. माझ्या प्रत्येक सभेला ही तिसऱ्या रांगेत बसायची. भाषण पुरे झालं असं वाटलं की चष्मा काढायची, डबीत ठेवायची आणि डबी मिटायची. टक्. तो आवाज लाउडस्पीकरवरूनही मला ऐकू यायचा. त्याचा अर्थ असा, की आता पाच वाक्यं उरली. पाचच्या वर मी कधी गेलो नाही. लोक म्हणायचे, काय शेवट करतो हा माणूस! शेवट ती करायची. मी फक्त तिथे पोचायचो.

तिसऱ्या आल्या त्या बाई. दिवसा शाळेत शिकवतात. बारीक चणीच्या, आणि आवाज एवढा हळू की पडद्यामागे मला श्वास रोखून बसावं लागे. पोरीला सांगत होत्या, "तुला काय वाटतं ते बाजूला ठेव. दिलंय तेवढंच घे. मग पुढे काय होतं ते बघ." आठवडाभर मी एक शब्दही काढला नाही. (दोनदा खोकलो. तो खोकला खराच होता.) पोर धडाधड उत्तरं द्यायला लागली. आणि परवा बाईंनी एक साधा प्रश्न वाचला. एका घरात प्रत्येक माणसाकडे एकच किल्ली आहे. घरात एकूण तीन किल्ल्या आहेत. तर घरात माणसं किती?

पोर गप्प राहिली. एवढा सोपा प्रश्न, आणि ती गप्प. मी पडदा सारून बाहेर आलो. म्हणालो, बाई, हा प्रश्न चुकीचा आहे. ही आमची खुंटी बघा. तीन किल्ल्या आहेत. मोजा. आता माणसं मोजा. किल्ल्यांवरून माणसं मोजणाऱ्या या परीक्षेला, म्हटलं, घर म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? आवाज चढत गेला. शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मी हात वर केला होता, आता पुढचं वाक्य येणार, एवढ्यात टक्.

हिची चष्म्याची डबी. पोर त्यात पेन्सिल आणि खोडरबर ठेवते. तिनं ती मिटली, माझ्याकडे पाहिलंही नाही. मुद्दाम मिटली, की आपली सहज, ते मी विचारलं नाही. पाच वाक्यं उरली होती. मी एकही वापरलं नाही. हात खाली घेतला आणि जाऊन जिन्यात बसलो.

तर सांगायचं ते एवढंच, की योग्य शिक्षक मिळणं या काळात फार अवघड झालं आहे. तुमच्या गल्लीत तर्कशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात ना? त्यांचा पत्ता धाडावास. कळावे. लोभ आहेच, तो माझ्या बोलण्याइतकाच लांब असू दे.

तुझा धाकटा,
सभेविना वक्ता

ता. क. प्राध्यापकांचा पत्ता पाठवू नकोस. बाई त्या दिवशी जिन्यात माझ्यापाशी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "मुलगी पास होईल. मी रोज येईन. फक्त पडद्यामागे तुम्ही नको." मी म्हटलं, तेवढा एक तास मी खाली जाऊन बसत जाईन. कालपासून खाली बसतो. पण पत्रपेट्यांपाशी तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर भेटतात, त्यांना दोन शब्द सांगायला जातो, आणि जिना असा बांधला आहे की खालचा शब्द न् शब्द आमच्या टेबलावर जाऊन बसतो. काल पोरीनं उत्तरपत्रिकेत माझं एक वाक्य लिहून ठेवलं. गुण मिळाला नाही.

ता. क. २. खरी विनंती अशी. परीक्षा होईपर्यंत मला तुझ्याकडे बोलावून घे. मी आपणहून निघालो तर पोरीला वाटेल, आपण बापाला घराबाहेर काढलं, आणि ते मनात घेऊन ती पेपर लिहील. म्हणून तू तिला कळव की तुझा गुडघा दुखतो आहे आणि सोबतीला कुणीतरी हवं. (तो दुखत नाही, मला ठाऊक आहे. पण दिलेलं विधान खरं मानायचं असतं.) दुसरंही एक आहे, ते तिला कळवू नकोस. कॉलेज मिळालं तर ते दुसऱ्या शहरात आहे, तीन वर्षं वसतिगृहात. एका घरात बोलायला कुणी नसलं की कसं असतं, ते मला आधी तुझ्याकडे, जरा माणसांत राहून शिकायचं आहे. तू कपडे वाळत घालत असलीस तरी चालेल.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात पोर ऑफिसातून आली. पाकिटावरचं नाव वाचून म्हणाली, "आत्याला पत्र? बरं केलंत, बाबा. तिचा गुडघा फार दुखतोय. परवा फोनवर म्हणत होती, कुणी दोन-अडीच महिने सोबतीला आलं तर बरं होईल." हे सगळं चपलेच्या पट्ट्याकडे बघून. मी पाकीट बाजूला ठेवलं, तर म्हणाली, "डावा." आणि मग, "नाही, उजवा."

ताई, परस्परविरोधी दोन विधानं आणि समोर मी! एरवी तासभर बोललो असतो. या वेळी दोन्ही खरी मानली. बुधवारच्या गाडीनं निघतो आहे. पोरीला ऑफिसात उशीर झाला तर बाईंना जिन्यात ताटकळायला नको, म्हणून खुंटीवरची तिसरी किल्ली मी आज त्यांच्या हातात दिली.