महाझिर सरांचे सलाम आणि बाबांचा वाकडा शिक्का

आदरणीय काक लोंग,

धाकट्या भावाचा सलाम. अल्लाच्या कृपेने पिनांगमध्ये आम्ही सगळे बरे आहोत. ताई, तुझा गुडघा कसा आहे? भावोजी गेल्यापासून घर फार शांत झालंय असं तू लिहिलं होतंस. बकऱ्या अजून शेजाऱ्याचा टॅपिओका खातात का? (खाऊ दे. तेवढाच घरात आवाज.)

तुझं काम झालं की नाही हे एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. बागेतली ड्युरियनची फळं विकून तू दिलेले पैसे खिशात घालून मी जुन्या तिकिटांच्या लिलावाला गेलो. तू सांगितलेलं जुन्या पत्राचं पाकीट आधी हातात घेऊन पाहिलं. इंग्रजांच्या काळचं तिकीट आणि त्यावर आपल्या गावच्या टपालकचेरीचा शिक्का, डावीकडे कललेला. तिथे शिक्के मारायचे ते बाबाच, आणि हात डावरा; त्यांचा एकही शिक्का कधी सरळ बसला नाही. पुराने कचेरी नेली, घरातले त्यांचे फोटोही नेले. त्यांच्या हाताचं जगात एवढंच उरलंय असं तू म्हणालीस, तेव्हा मला ते जरा जास्त वाटलं होतं. पाकीट पाहिल्यावर वाटलं नाही.

लिलाव छोटासा. हात उचलला की बोली. आपल्या पाकिटाचा पुकारा झाला आणि त्याच क्षणी समोरच्या बाजूला मला आपल्या शाळेचे महाझिर सर दिसले! मी उठून हात कपाळापर्यंत नेला, मग छातीवर ठेवला. लिलाववाल्या टिओ साहेबांनी ती बोली धरली. सरांनी सलाम परत केला. बोली वाढली. आता सरांच्या सलामाला नुसती मान हलवून कसं चालेल? मी पुन्हा केला, जरा वाकून. सर त्याहून वाकले. (नम्रतेत ते कोणाला पुढे जाऊ देत नाहीत, तुला माहीत आहे.) सगळी खोली आमच्याकडे बघत होती आणि मला वाटत होतं, आपल्या रीतीचं लोकांना केवढं कौतुक!

शेजारच्या चिनी बाईंनी माझी बाही ओढली. "अहो दादा, सलाम करताय की घर विकताय? हात मांडीखाली घाला आधी!"

घातले. पण तोवर बोली तुझ्या ड्युरियनच्या पार पुढे गेली होती. शेवटचा सलाम सरांचा. हातोडा पडला. मी डोळे मिटून मनातल्या मनात बाबांची क्षमा मागितली.

डोळे उघडले तर सर टिओ साहेबांशी हुज्जत घालत होते. "अहो, माझंच पाकीट मी कशाला विकत घेऊ?" ते त्यांच्या वडिलांना आलेलं, बायको वारल्यावर घर आवरताना सरांनीच विकायला दिलेलं.

"तुम्हीच बोली लावलीत, सर. आमची दलाली ठेवा आणि तुमचं पाकीट खुशाल घरी न्या," टिओ साहेब म्हणाले.

बाहेर चहा पिताना मी सरांना बाबांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ शिक्क्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तार्मिझी, गाढवा, आधी बोलला असतास तर म्हातारपणी माझी एवढी कवायत झाली नसती." मला वाटलं, एकमेकांचा मान राखण्याच्या नादात माणसांच्या साध्या गोष्टी विचारायच्या राहून जातात. काही तर वर्षानुवर्षं.

तुझा,
तार्मिझी

ता. क. दलाली तुझ्या पैशांतून मी भरली. बाकीचे सुखरूप आहेत.

ता. क. पाकीट मात्र माझ्याकडे नाही. सर ते माझ्या हाती देईनात. शुक्रवारच्या नमाजानंतर गावी तुझ्याकडे स्वतः घेऊन येतो म्हणाले. तू अजून ड्युरियनची खीर करतेस का, हेही विचारलं. चहा संपल्यावर पुन्हा विचारलं. (मी लहान होतो, पण तू माझा डबा घेऊन वर्गाच्या दारात आलीस की फळ्यावर सरांचा खडू तुटायचा, हे मला आठवतं.)

ता. क. आता खरी विनंती. दारात ते सलाम करतील. गुडघ्याचं निमित्त काढून आत जाऊ नकोस. सावकाश परत कर, हवा तितक्या वेळा कर. तिथे हातोडा घेऊन कोणी उभं नसेल.